घोडे गेले, बॅरिकेड आले : घोडबंदर रोडची गोष्ट

आजचा एपिसोड तुमच्यापैकी बरेच जण घोडबंदर रोडवर बसूनच ऐकणार, याची मला खात्री आहे. बसून म्हणजे टीएमटीत, स्कूटरवर नाहीतर शेअर रिक्षात तिसऱ्या माणसाच्या शेजारी अर्धवट टेकून. वेळ आहे तुमच्याकडे. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत एक अख्खा एपिसोड आरामात संपतो, कधीकधी दोन.

नेहमीसारखं हे ट्रान्सक्रिप्ट बोलल्यासारखंच ठेवलंय, थोडं साफ करून. रेकॉर्डिंग २०२५ च्या शेवटी केलंय, त्यामुळे 'आत्ता' म्हटलं की तेव्हाचं आत्ता समजा.

सुरुवात एका प्रश्नाने करते. घोडबंदर रोड कुठे आहे?

ठाणेकर म्हणेल, हा काय प्रश्न झाला, कापूरबावडीपासून पुढे. पण मालाड-कांदिवलीच्या एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना विचारा. ते तुम्हाला एसव्ही रोड दाखवतील. कारण आज ज्याला आपण स्वामी विवेकानंद रोड म्हणतो, तो वांद्र्यापासून उत्तरेला जाणारा रस्ता आधी घोडबंदर रोड म्हणूनच ओळखला जायचा. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, मुंबई बेट वांद्र्याला जोडलं गेलं, आणि तिथून साष्टीच्या पश्चिम बाजूने वर वर जात हा रस्ता घोडबंदरला पोचायचा. दुसरा रस्ता ठाण्याकडून, डोंगराच्या पूर्वेकडून यायचा. म्हणजे घोडबंदर हे दोन रस्त्यांचं शेवटचं टोक होतं. पुढे खाडी. पुढे जायचं तर होडी.

आज आपण त्याच टोकाला 'फाउंटन' म्हणतो. एका हॉटेलचं नाव जंक्शनला पडलं आणि बंदराचं नाव रस्त्यालाच चिकटून राहिलं. घोडबंदर गाव आणि किल्ला मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. रोज या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांनी तो किल्ला पाहिलाय? मी स्वतः नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला. तोपर्यंत मला वाटायचं 'घोडबंदर' हे एखाद्या बिल्डरने ठेवलेलं नाव असेल, तसंही या रस्त्यावर अर्ध्या गोष्टींना बिल्डरांचीच नावं आहेत.

तर बंदर. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांना दिली. साष्टी त्यातच आली. वसईच्या खाडीवर, जिथे उल्हास नदीचं पाणी डोंगराला घासून समुद्राकडे जातं, तिथे टेकडीवर पोर्तुगिजांनी ठाणं बांधलं. नावाची फोड सोपी आहे, घोड्यांचं बंदर. अरबस्तानातून येणारे घोडे इथे उतरायचे असं सांगितलं जातं. आपल्याकडच्या हवेत चांगल्या जातीचा घोडा तयार होत नव्हता, म्हणून तेव्हाच्या सगळ्या राजवटी घोडा बाहेरून आणायच्या आणि त्यात मोठा पैसा होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर मोहीम काढली, ठाणं घेतलं, घोडबंदरही घेतलं. दोन वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पुढे १७७४ च्या अखेरीस ठाणं आणि साष्टी इंग्रजांच्या हातात गेली. किल्ल्यावर एक वेगळा एपिसोड करायचाय, म्हणून इथे थांबते.

कारण मला खरं सांगायचंय ते डोंगराबद्दल.

गुगल मॅप उघडा. सॅटेलाइट व्ह्यू लावा. मुंबईच्या वर मधोमध एक मोठा हिरवा ठिपका दिसेल, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. साधारण १०४ चौरस किलोमीटर. त्याच्या डावीकडे बोरिवली, उजवीकडे ठाणं. सरळ रेषेत मोजलं तर दोन्ही स्टेशनांमध्ये बारा-तेरा किलोमीटर. पण मधे डोंगर.

हा डोंगर शहर होण्यापासून वाचला कसा? बऱ्याच अंशी पाण्यामुळे. मुंबईला पाणी हवं होतं म्हणून १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तलावाभोवतालचं रान राखावं लागलं, आणि त्या राखलेल्या रानाचं पुढे राष्ट्रीय उद्यान झालं. मुंबईकरांच्या नळाला पाणी यावं म्हणून राखलेलं जंगल आज बिबट्यांचं घर आहे. चांगलंच झालं. मी ठाण्याच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी वाढले, मला त्या डोंगराबद्दल तक्रार नाही.

आता रेल्वे बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. ही लाइन डोंगराच्या पूर्वेकडून आली. १८६० च्या दशकात दुसऱ्या कंपनीची लाइन पश्चिमेकडून, बोरिवली-भाईंदरमार्गे खाडी ओलांडून गुजरातकडे गेली. दोन कंपन्या, दोन लाइनी, डोंगराच्या दोन बाजूंना. त्यांना एकमेकींशी जोडायची दोघींनाही गरज नव्हती, दोघींनाही मुंबईत जायचं होतं. त्यामुळे आजही ठाण्याहून बोरिवलीला लोकलने जायचं तर आधी दादरला खाली उतरा, प्लॅटफॉर्म बदला, मग परत वर जा. इंग्रजी 'व्ही' अक्षर काढल्यासारखं. दीडशे वर्षांपूर्वीचा तो नकाशा अजून आपल्या पायाला बांधलेला आहे.

म्हणजे ठाणं आणि पश्चिम उपनगरं यांच्यातला थेट संबंध कोणावर अवलंबून राहिला? दक्षिणेला जोगेश्वरी-विक्रोळी, पवई वगैरे. उत्तरेला एकच. डोंगराला वळसा घालून जाणारा, खाडी आणि जंगल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतला रस्ता. आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एक सर्व्हर पडला की सगळं पडतं.

आणि या एका सर्व्हरवर लोड कोणाकोणाचा आहे ते मोजा. एका टोकाला मुंबई-आग्रा महामार्ग, दुसऱ्या टोकाला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. तिथून गुजरातकडे जाणारे कंटेनर कुठून जाणार? कळंबोली, मुंब्रा, ठाणे आणि मग आपल्या दारावरून. घोड्यांचं बंदर बंद झालं आणि दुसऱ्या बंदराचा माल याच रस्त्यावर आला. नाव एका अर्थाने टिकलं म्हणायचं.

हे सगळं होत असताना रस्त्याच्या कडेला काय होतं? गावं. माजिवडा, बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, कावेसर, वडवली, ओवळा, मोघरपाडा. खाडीकडे आगरी-कोळी वस्ती, भातशेती. डोंगराकडे आदिवासी पाडे. वाघबीळ, गायमुख ही नावं ऐका नुसती. वाघाच्या बिळाशेजारी आज कॅफे आहे, तिथे बसून मी हे लिहिलंय. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. कोलशेत-बाळकुमच्या बाजूला केमिकलचे, औषधांचे मोठे कारखाने आले. कॅडबरी जंक्शनचं नाव चॉकलेटच्या कारखान्यावरून, हे तर सगळ्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकात कारखाने हळूहळू आटपायला लागले आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर दिसायला लागले.

१ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महापालिका झाली आणि शहराची हद्द घोडबंदरच्या गावांपर्यंत पसरली. लोकसंख्येचे आकडे बघा. १९९१ च्या जनगणनेत ठाणे शहर साधारण ८ लाख. २००१ मध्ये १२.६ लाख. २०११ मध्ये १८.४ लाख. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आज आपण किती आहोत हे सरकारी कागदावर कोणालाच सांगता येत नाही. वीस वर्षांत दुपटीहून जास्त वाढ, आणि त्यातला मोठा वाटा घोडबंदर पट्ट्याचा, कारण मोकळी जमीन तिथेच होती.

आमचं घर त्या वाटेनेच आलं. आई-बाबा डोंबिवलीच्या एका खोलीतून इथे आले, मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. ब्रोशरवर लिहिलेलं होतं 'ठाणे स्टेशनपासून १५ मिनिटे'. बाबा अजून त्यावर विनोद करतात की मिनिटं बरोबर होती, फक्त दिवस कुठला ते लिहायचं राहिलं. तेव्हा बाल्कनीतून समोर डोंगर दिसायचा आणि रात्री कोल्हे ओरडायचे. पाण्याचा टँकरही तेव्हापासून यायचा. तो अजून येतो.

पाण्यावरून आठवलं, आणि हा मुद्दा रस्त्याच्या गोष्टीत मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना परवानग्या द्यायला महापालिकेला मनाई केली. कारण? असलेल्या लोकांनाच पुरेसं पाणी नाही, मग नवीन लोक आणता कशाला. पुढे ती मनाई शिथिल झाली. पण क्षणभर विचार करा, एका शहराला 'आधी पाणी दाखवा, मग घरं बांधा' हे कोर्टाला सांगावं लागलं. रस्त्याबद्दल हेच वाक्य कोणी वेळेत म्हटलं नाही.

इथे मी माझं मत सांगून टाकते. आपण सगळे म्हणतो, 'काम रखडलंय'. रखडलंय हे खरंच. पण मला रखडण्यापेक्षा क्रम जास्त खटकतो. इथे आधी घरं आली, मग माणसं आली, मग गाड्या आल्या आणि त्यानंतर रस्ता रुंद करायचं काम आलं. रस्ता रुंद होऊन श्वास घेतोय तोवर उड्डाणपूल, त्यानंतर मेट्रो, आणि आता बोगदा. प्रत्येक काम भरलेल्या रस्त्यावर झालं. कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळेल, आमच्याकडे नवीन कोड आधी 'स्टेजिंग'वर टाकतात, तपासतात, मग लोक वापरतात त्या सर्व्हरवर नेतात. घोडबंदर रोडला स्टेजिंगच नाही. सगळं थेट चालू रस्त्यावर, पीक अवरमध्ये.

टप्पे पटकन सांगते. २००५ च्या सुमारास हा राज्य महामार्ग बीओटीवर, म्हणजे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने रुंद करायला दिला गेला. कंत्राटदार पैसे घालणार, पंधराएक वर्षं टोल घेणार. मग मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल झाले. ते झाल्यावर दोन-तीन वर्षं बरी गेली, हे मान्य करायला पाहिजे. कॉलेजला असताना मी वाघबीळहून स्टेशनला वीस मिनिटांत पोचलेय. आता सांगितलं तर धाकटा भाऊ म्हणतो, ताई फेकू नको.

मग मेट्रो.

मेट्रो ४, वडाळा ते कासारवडवली, साधारण ३२ किलोमीटर. २४ डिसेंबर २०१६ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. तिला जोडून ४ अ, कासारवडवली ते गायमुख, पावणेतीन किलोमीटरच्या आत. २०१८ नंतर रस्त्याच्या मधोमध बॅरिकेड लागायला लागले. ज्यांना मेट्रो कशी बांधतात हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी जमिनीखाली काय आहे ते शोधायचं. पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेटच्या केबल. मधे येत असतील तर बाजूला हलवायच्या. मग खोल भोकं पाडून काँक्रीटचे पाइल, त्यावर पाइल कॅप, त्यावर पिलर, पिलरवर आडवी कॅप, तिच्यावर गर्डर. गर्डर दुसरीकडे कास्टिंग यार्डात ओततात आणि रात्री ट्रेलरवर आणून क्रेनने चढवतात. त्या रात्री रस्ता बंद. 'रात्री साडेअकरा ते पहाटे पाच' ही वेळ घोडबंदरच्या पोरांना पाढ्यासारखी पाठ आहे.

यात गंमत अशी की पिलर स्वतः फार जागा खात नाही. जागा खातो बॅरिकेड. मशीन फिरायला, ट्रान्झिट मिक्सर उभा राहायला जागा लागते, म्हणून दोन्ही बाजूंची एकेक लेन जाते. पिलर उभा राहिला तरी वरचं काम व्हायचं असतं, म्हणून बॅरिकेड तसाच. एखाद्या ठिकाणी महिनोन्‌महिने काहीच काम दिसत नाही आणि पत्रा मात्र उभा. त्या पत्र्यावर वेली चढलेल्या मी पाहिल्यात.

२२ सप्टेंबर २०२५ ला गायमुखकडच्या टप्प्यावर ट्रायल रन झाली. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माणसं मोबाइल घेऊन उभी होती, लग्नाची वरात बघावी तशी. मला खोटं सांगायचं नाही, मलाही भरून आलं. मेट्रोचे बॅरिकेड लागले तेव्हा मी कॉलेजात होते. रिकामी का होईना, गाडी धावली तेव्हा मला नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. मधल्या काळात जन्मलेली, शाळेत जायला लागलेली मुलं आमच्या बिल्डिंगमध्ये आहेत, ज्यांनी हा रस्ता पत्र्यांशिवाय पाहिलेलाच नाही. त्यांच्या चित्रकलेच्या वहीत 'माझा परिसर' म्हणून क्रेन असते. ही मी कल्पना करून सांगत नाहीये.

मेट्रो एकटीच असती तर एक वेळ चाललं असतं. पण त्याच वर्षांत कासारवडवलीच्या उड्डाणपुलाचं काम. आणि सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचं काम, कापूरबावडी ते गायमुख, दोन्ही बाजूंनी, दहाएक किलोमीटर. कागदावर हे काम छान दिसतं, लेन वाढतात. पण सर्व्हिस रोड कशासाठी होता? सोसायटीतून बाहेर पडणारी गाडी, स्कूल बस, भाजीवाला, सायकलवरचा मुलगा, हे सगळे कंटेनरच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून. रहिवाशांनी विरोध केला, मोर्चे निघाले, निवेदनं गेली. बाजू दोन्हीकडून ऐकायला हवी. प्रशासनाचं म्हणणं असं की सर्व्हिस रोडवर गाड्या पार्क होतात, त्याचा वापर नीट होत नाही, आणि मुख्य रस्ता तर तुंबलेला आहे. हेही काही खोटं नाही, आमच्याच सोसायटीतल्या लोकांच्या दुसऱ्या गाड्या तिथे उभ्या असायच्या. पण गाड्या लावतात म्हणून रस्ताच काढून टाकायचा, हा इलाज मला पटत नाही. आणि त्याच सर्व्हिस रोडच्या पोटात पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, केबल. ते हलवायचं म्हणजे पुन्हा खणायचं. आज एकाने खणून बुजवलं, दोन महिन्यांनी दुसऱ्याने तिथेच खणलं, असं या रस्त्यावर इतक्या वेळा झालंय की आता कोणी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही टाकत नाही.

मानपाड्याला तिसरं मोठं काम. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा. एकूण ११.८ किलोमीटर, त्यातला सव्वादहा किलोमीटर राष्ट्रीय उद्यानाच्या खालून. १३ जुलै २०२४ ला भूमिपूजन झालं. १८५३ पासून जो डोंगर सगळ्यांनी वळसा घालून टाळला, त्याच्या पोटातून पहिल्यांदा कोणी आरपार जाणार. ऐतिहासिक म्हणतात ते हेच. बोगदा झाला तर घोडबंदरचा वळसा वाचेल, म्हणजे या रस्त्याचं ओझं कमी करणारं हे खरंखुरं काम आहे. पण तो खणायला लागणारे डंपर कुठल्या रस्त्यावरून जाणार? बरोबर ओळखलंत. याशिवाय बाळकुम ते गायमुख खाडीकिनाऱ्याने साधारण १३ किलोमीटरचा रस्ता, म्हणजे घोडबंदरला बायपास, तोही यादीत आहे. आणि ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो, २९ किलोमीटर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मंजूर केलेली. तीही वाघबीळ, मानपाड्याकडून जाणार.

आता घाट. कासारवडवली सोडली, गायमुख आलं की रस्ता डोंगराला चिकटतो. एका बाजूला नागला बंदरचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी. इथे रुंदी वाढवायची तर वन विभागाची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी, कारण बिबट्याही हाच रस्ता ओलांडतो आणि गाडीखाली येतो. त्यामुळे पाच पदरी आलेला प्रवाह इथे गळ्याशी आवळला जातो. दर पावसाळ्यात खड्डेही इथेच सगळ्यात जास्त. त्याचं कारण नुसता भ्रष्टाचार नाही, मंडळी. डोंगरावरचं पाणी रस्त्यावर येतं. चढावर भरलेला कंटेनर पहिल्या गिअरमध्ये रांगतो, ब्रेक मारतो, पुन्हा निघतो, आणि प्रत्येक वेळी खालचं डांबर मागे ढकलतो. पाणी आणि वजन एकत्र आलं की वरचा थर सुटतो. ठाण्यातले इंजिनिअर हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. तरी दुरुस्ती होते, पाऊस येतो, थर वाहून जातो, पुन्हा दुरुस्ती. त्यात हद्दी. गायमुखपर्यंत ठाणे महापालिका, पुढे मीरा-भाईंदर, शिवाय सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएसआरडीसी, एमएमआरडीए, वन विभाग, वाहतूक पोलीस. खड्डा कोणाचा हे ठरेपर्यंत खड्डा मोठा होतो.

घाटात दुरुस्ती निघाली की अवजड गाड्यांना बंदी येते. पोलिसांची अधिसूचना वाचायची मला सवयच लागलीय, खारेगाव, मानकोली, अंजूरफाटा, चिंचोटी अशी गावांची माळ असते त्यात. म्हणजे आपलं ओझं भिवंडी आणि वसईवाल्यांच्या डोक्यावर. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच बदललेल्या वाहतुकीत वसईजवळ अहमदाबाद महामार्गावर सहलीहून परतणाऱ्या शाळेच्या बसेस अडकल्या. ५०० हून जास्त मुलं तासन्‌तास, पाणी नाही, खाणं नाही. स्थानिक लोकांनी बिस्किटं आणि पाणी पोचवलं. दुरुस्ती घोडबंदरला आणि उपाशी मुलं वसईला. एकाच सर्व्हरवर सगळं ठेवलं की असं होतं.

आणि हे गैरसोयीवर थांबत नाही. खड्डा चुकवताना दुचाकी घसरते आणि मागून ट्रक येतो, अशी बातमी या रस्त्यावरून दर पावसाळ्यात येते. आमच्या मजल्यावरच्या काकांना छातीत दुखायला लागलं त्या संध्याकाळी ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत अर्धा तास एका जागी उभी होती. लोक वाट द्यायला तयार होते, द्यायला वाट नव्हती. काका वाचले. त्यानंतर आमच्या सोसायटीने ठराव केला की इमर्जन्सीत ॲम्ब्युलन्सची वाट न बघता जवळच्या, आपल्याच बाजूच्या हॉस्पिटलला न्यायचं, रस्ता ओलांडावा लागेल अशा ठिकाणी नाही. हॉस्पिटल चांगलं की वाईट हा प्रश्न दुसरा. वीस मजली इमारतीत राहणारी, ईएमआय भरणारी माणसं बसून हा ठराव करतात, हे मला अजून विचित्र वाटतं.

काम करणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या तक्रारीत ते नसतातच. २९ मे २०२४ च्या रात्री वर्सोवा पुलाजवळ ससूनवघरला सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या खोल खड्ड्यात भिंत आणि माती कोसळली, आणि पोकलेन चालवणारा माणूस मशीनसकट गाडला गेला. एनडीआरएफ, लष्कर, नौदल, तटरक्षक दल, सगळे आले. शोध कित्येक दिवस चालला. मीरा-भाईंदर आणि वसईकडे पाणी नेणारी ती योजना. मी त्या आठवड्यात तिथून दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा ट्रॅफिकलाच शिव्या देत होते.

बाहेर काय होतं, असं मला कमेंटमध्ये विचारलं जातं. अमेरिकेत बोस्टनला शहराच्या मधून जाणारा उंच महामार्ग पाडून जमिनीखाली नेला, त्याला 'बिग डिग' म्हणतात. १९९१ ला सुरू, २००७ ला संपला, खर्च अंदाजाच्या कितीतरी पट. म्हणजे उशीर फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. पण तिथे एक गोष्ट आधी ठरलेली होती, खाली बोगदा चालू होईपर्यंत वरचा जुना रस्ता चालू ठेवायचा. आधी नवीन, मग जुन्याला हात. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्ग घ्या, २०११ पासून चौपदरीकरण चालूय, आणि कोकणात गणपतीला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की जुना उखडलाय आणि नवा झालेला नाही असा तुकडा दर थोड्या अंतरावर लागतो.

घोडबंदरला हाच क्रम उलटा असता तर? खाडीकिनाऱ्याचा रस्ता आधी, कंटेनर तिकडे वळवले, मग मधला रस्ता मेट्रोसाठी मोकळा. हे मी शोध लावल्यासारखं सांगत नाहीये, बायपासची कल्पना जुनी आहे. पण खाडीकडे कांदळवन आहे, सीआरझेड आहे, कोळ्यांची ये-जा आहे, जमिनी आहेत. तिथलं काम कठीण, परवानग्या जास्त. मधल्या रस्त्यावर मात्र जमीन सरकारचीच, परवानगी सोपी, आणि त्रास होणारी माणसं तक्रार करून पुन्हा सकाळी त्याच रस्त्याला लागणार. जिथे कमी अडतं तिथे आधी खणलं जातं.

मोघरपाड्याचं उदाहरण त्यात बसतं. मेट्रोला डेपो लागतो, डेपोला मोठी सलग जागा लागते, आणि ती मोघरपाड्याच्या शेतकऱ्यांच्या वहिवाटीतली निघाली. त्यांना मोबदला म्हणून विकसित भूखंडाचा वाटा द्यायचं ठरलं. त्यावर वाद, बैठका, पुन्हा वाद. आपल्याला उशीर म्हणून जे दिसतं, त्यात कोणाची तरी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन असते. ओवळ्याहून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी एकदा आईला म्हणाल्या, तुम्ही मेट्रोत बसाल, आम्ही मेट्रोखाली बसू. आई हसली. मावशी हसल्या नव्हत्या.

मेट्रो सुरू झाली की मी बसणार आहे, पहिल्या आठवड्यातच. ऐरोलीच्या ऑफिसला तिचा थेट उपयोग नाही, तरी बसणार. पण नुसती मेट्रो येऊन भागणार नाही. स्टेशनपर्यंत चालत जायला फुटपाथ लागेल, रस्ता ओलांडायला पूल लागेल, कासारवडवली गावातून आणि डोंगराकडच्या पाड्यांतून फीडर बस लागेल. १९८९ पासून टीएमटी आहे, पण घोडबंदरच्या आतल्या गल्ल्यांत बसपेक्षा शेअर रिक्षावरच भरवसा आहे. सर्व्हिस रोड गेल्यावर ती रिक्षा थांबणार कुठे, याचं उत्तर मी तीन मीटिंगांमध्ये विचारलंय. तिन्ही वेळा 'नोंद घेतली' हेच ऐकलंय.

पुढच्या वेळी किल्ल्यावर जाऊ. त्याआधी एक काम करा. तुमच्याकडे, किंवा आई-बाबांकडे, आजोबांकडे, २००५ च्या आधीचा घोडबंदर रोडचा फोटो असेल तर पाठवा. लग्नाच्या वरातीचा, नवीन स्कूटरपाशी उभं राहून काढलेला, कसलाही. मागे रस्ता दिसला पाहिजे. रस्ता किती रुंद होता, झाडं कुठली होती, डोंगर किती जवळ दिसायचा, हे मला बघायचंय. गावातल्या लोकांकडे असे फोटो जास्त असतील, आम्ही फ्लॅटवाले तर नंतर आलो. आलेले फोटो याच पानावर खाली लावत जाईन.

चला, सिग्नल सुटला असेल तर निघा. भेटू.